नातेवाईकांनी जरा बाहेर थांबावं

"दारू घेता का?" हा प्रश्न मी रोज विचारते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पेशंटच्या कॉटशेजारी उभी राहून. पेशंट पन्नाशीचा, हर्नियाचा नाहीतर मांडीचं हाड मोडलेला. उशाशी बायको, पायाशी मुलगा, दारात सून, तिच्यामागे भावकीतले दोघे. "न्हाई ओ मॅडम, तसलं काय न्हाई," असं उत्तर येतं. बायको खाली बघते. मुलगा मोबाइल काढतो. मग मी मुलाला ईसीजीची झेरॉक्स आणायला पाठवते, बायकोला सिस्टरांकडे, आणि तोच प्रश्न जरा बदलून विचारते, "रोज किती लागते?" तेव्हा छताकडे बघत उत्तर येतं, "संध्याकाळी एक क्वार्टर. सणावाराला दोन."

मी भूल देणारी डॉक्टर. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, ज्या दवाखान्यातून फोन येईल तिथे जाऊन भूल देते. माझी मागणी एकच आहे. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासायला येतो ती दहा मिनिटं पेशंट आणि तो, दोघंच खोलीत असावेत. प्रत्येक दवाखान्यात हा नियम व्हावा. दारूचं उत्तर चारचौघांत खरं मिळत नाही, आणि ते खरं मिळालं नाही तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

मेंदूत पेशींची खळबळ थोपवणारं एक रसायन असतं, त्याचं नाव गाबा. दारू, झोपेच्या बहुतेक गोळ्या आणि आम्ही शिरेतून देतो ते दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, ही सगळी मंडळी गाबाचाच जोर वाढवतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. त्याची थोपवणारी यंत्रणा बोथट झालेली असते आणि चेतवणारी जास्तच तल्लख. अशा माणसाला भुलीचं औषध नेहमीच्या मापात पुरेलच असं नाही. पण खरी अडचण त्या दिवशी येत नाही, नंतर येते. दवाखान्यात भरती झाल्यापासून त्याची दारू बंद असते. दाब एकदम निघून जातो आणि तल्लख झालेला मेंदू मोकाट सुटतो.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वॉर्डातून फोन येतो. मी जाते तेव्हा पेशंट उठून बसलेला असतो, अंगावर घाम, हात थरथरत असतात. चादरीवरून काहीतरी वेचत असतो. "मुंग्या झाल्यात बघा सगळीकडं," म्हणतो. भिंतीकडे बोट दाखवून कुणाला तरी शिव्या देतो. मध्येच, "ट्रॅक्टर काढ, कारखान्यावर नंबर लागलाय," असं मुलाला सांगतो आणि सलाईन ओढून काढतो. नाडी एकशेवीस-तीसच्या पुढे. बायको रडत असते. कुणीतरी अंगारा आणलेला असतो. आणि सगळ्यांचं एकमुखी निदान ठरलेलं असतं, "भूल डोक्यात गेली."

भूल त्याच्या शरीरातून केव्हाच निघून गेलेली असते. हा दारू तुटल्याचा वात आहे. शेवटच्या घोटानंतर साधारण अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान तो उठतो. त्याच्याही आधी कधी कधी झटके येतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस मरतो. आणि हे जवळजवळ सगळं टाळता येतं. आधी कळलं असतं तर घाई नसलेलं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं असतं, देखरेखीखाली दारू उतरवली असती. घाईचं असतं तर पहिल्या दिवसापासून थायमिन हे जीवनसत्त्व आणि मोजून दिलेली शांत करणारी औषधं सुरू केली असती, वॉर्डातल्या सिस्टरांना काय बघायचं ते सांगून ठेवलं असतं. एक खरं उत्तर मिळालं असतं तर एवढं सगळं झालं असतं.

बायकांच्या बाबतीत प्रश्न वेगळे विचारावे लागतात. "तंबाखू?" विचारलं की "अगंबाई, न्हाई," म्हणतील आणि ते मनापासून म्हणतील. "मिश्री लावता का?" विचारलं की हो, दिवसातून चारदा. तंबाखू जाळूनच मिश्री होते, पण ती व्यसनात मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. आणि गोळी! "झोप येत न्हाई म्हणून अर्धी गोळी घेती रातच्याला. नवऱ्याला न्हाई माहीत." ही अर्धी गोळी अल्प्राझोलामची असते, कुठल्याशा डॉक्टरांनी कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आणि गेली काही वर्षं जुन्या चिठ्ठीवर चालू राहिलेली. ऑपरेशनच्या गडबडीत ती एकदम बंद होते. मग तिलाही दारूवाल्यासारखीच घालमेल होते, झोप पार उडते, क्वचित झटकेही येतात. घरात कुणालाच गोळी ठाऊक नसते, त्यामुळे कारण सापडत नाही.

तरुण पोरांकडून मात्र मला आधी तोंड उघडून हवं असतं. तीन बोटं उभी मावली पाहिजेत. गुटखा-माव्याने गाल आतून लाकडासारखे झालेल्या पोरांच्या तोंडात एक बोट जेमतेम जातं. पूर्ण भूल दिल्यावर श्वासाची नळी तोंडातून घालायची असते, ती जाणार कुठून? हा विषय निराळा आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुळात आपण शुद्ध हरपण्याच्या सगळ्याच प्रकारांना झोप म्हणतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्थांचा विचार आपल्याकडे उपनिषदांपासून आहे. या तिन्हींतून माणूस रोज आपला आपण जातो आणि परत येतो. भुलीतून आपला आपण कुणी जात नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने लोकांसमोर इथर हुंगवून एका माणसाच्या मानेवरची गाठ काढू दिली, तेव्हापासून ही अवस्था माणसाला हुकमी मिळाली.

झोपेत मेंदू भरपूर काम करत असतो. १९५३ साली शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपलेल्या माणसाचे डोळे पापणीआड अधूनमधून झरझर फिरतात आणि त्या वेळी उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी रात्रभर आलटून पालटून येते. पूर्वरात्री गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नं जास्त. भुलीत या फेऱ्या नसतात. एमरी ब्राउन, राल्फ लिडिक आणि निकोलस शिफ या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पष्टच लिहिलं की पूर्ण भूल म्हणजे औषधाने आणलेला आणि परत फिरवता येणारा कोमा. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. माझ्या टेबलावरच्या माणसाच्या पोटावर सुरी चालते आणि त्याला पत्ता नसतो. त्याचा श्वासही बहुतेक वेळा मशीन घेत असतं.

हा फरक न कळल्याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मायकेल जॅक्सन. झोप येत नाही म्हणून त्याचा खासगी डॉक्टर त्याला घरी, बिछान्यावर, रात्री प्रोपोफॉल देत होता. २५ जून २००९ रोजी तो गेला. २०११ मध्ये त्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. प्रोपोफॉल देताना आमच्या एका हाताला ऑक्सिजनचा मास्क असतो आणि डोळे मॉनिटरवर, कारण श्वास थांबणं हा त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. ते औषध बेडरूममध्ये गेलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं.

आपल्याकडे बेडरूममध्ये प्रोपोफॉल जात नाही. क्वार्टर जाते, गोळी जाते, ताडी जाते. "थोडी घेतली की झोप लागते," हे मी यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांकडून ऐकते, ट्रकवाल्यांकडून ऐकते आणि मास्तरांकडूनही ऐकते. लागते, हे खरं. दारू माणसाला लवकर पाडते, पण स्वप्नांची झोप खाते आणि ती उतरू लागली की उत्तररात्री झोपेचे तुकडे करते. पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, छाती धडधडते, आणि दुसऱ्या दिवशी थकवा आला म्हणून पुन्हा संध्याकाळी तीच. झोपेच्या गोळ्यांच्या कुळातल्या बऱ्याच गोळ्या झोपेचे तास वाढवतात, पण गाढ झोप कमी करतात. शिवाय म्हातारपणी रात्री लघवीला उठताना या गोळीच्या गुंगीत तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. अशी आजी टेबलावर आली की मी तिच्या पिशवीत आधी ते पाकीट शोधते.

ताडीचं तर विचारू नका. आमच्या भागात आणि शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या ताडीवर धाडी पडतात तेव्हा क्लोरल हायड्रेट सापडल्याच्या बातम्या येतात. हे १८६९ पासूनचं झोपेचं औषध. बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइशने ते वापरात आणलं. लहान मुलांना एमआरआयसाठी शांत झोपवायला आम्ही ट्रायक्लोफॉसचं सिरप वजनावर मोजून देतो. शरीरात गेल्यावर दोन्हींचं एकच रसायन होतं, ट्रायक्लोरोइथेनॉल. वॉर्डात मी ज्या औषधाचे मिलिलीटर दोनदा तपासते, त्याच जातीचं औषध ताडीच्या पिंपात कुणी अंदाजाने ओतलेलं असतं. पिणाऱ्याला वाटतं, आज ताडी चांगली चढली. तो आमच्याकडे भरती झाला की त्याला काय तुटलंय ते त्यालाही सांगता येत नाही.

गोळ्यांसाठी कायदा आहे. औषधांच्या नियमांतलं शेड्युल एच-१ मार्च २०१४ पासून लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम त्यातच येतात. डॉक्टरची चिठ्ठी हवी, मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आता तुम्हीच आठवून बघा, तुमच्या घरातली झोपेची गोळी शेवटची आणली तेव्हा चिठ्ठी कितव्या वर्षीची होती. मेडिकलवाल्यांवर सगळं ढकलून चालणार नाही. आम्ही डॉक्टरही "झोप येत नाही" या तक्रारीला दोन मिनिटं देतो आणि गोळी लिहितो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी सांगितलेली नाही. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती बदलणारी वर्तनोपचाराची पद्धत सांगितली आहे. तालुक्याच्या गावी तो उपचार देणारं माणूस मिळत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच सरकारी आरोग्य केंद्रांतल्या समुपदेशकांना तो शिकवला पाहिजे असं माझं मत आहे.

औषधाशिवाय शुद्धीत बदल घडतो का, असा प्रश्न माझे ज्युनिअर विचारतात. घडतो, आणि त्याचा मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. एप्रिल १८४५ मध्ये त्याने एका कैद्यावर मेस्मेरिझम करून शस्त्रक्रिया केली. पुढे हत्तीरोगाच्या अवाढव्य गाठी त्याने याच पद्धतीने काढल्या. अंधाऱ्या खोलीत त्याचे बंगाली सहायक पेशंटच्या अंगावरून तासन् तास हात फिरवत बसत. १८४६ मध्ये सरकारने कलकत्त्यात त्याला त्यासाठी रुग्णालय काढून दिलं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये इथर आलं आणि काही मिनिटांत काम करणाऱ्या औषधापुढे तासन् तास लागणारी पद्धत मागे पडली.

पण संमोहन संपलं नाही. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल या भूलतज्ज्ञ बाईंनी १९९२ पासून संमोहन, जागेवरची भूल आणि थोडं शामक औषध यांच्या जोडीने थायरॉईडसारखी ऑपरेशनं करायला सुरुवात केली. पेशंट जागा असतो, बोलावलं तर उत्तर देतो, त्याचं लक्ष मात्र दुसरीकडे गुंतवलेलं असतं. १९९७ मध्ये पिएर रेनव्हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांचे हात कढत पाण्यात ठेवून मेंदूची चित्रं घेतली. वेदनेचा त्रास कमी-जास्त वाटेल अशी सूचना संमोहनात दिली की मेंदूतल्या एका ठरावीक भागाचं काम त्याप्रमाणे बदलत होतं. स्टेजवर लोकांना कोंबडा करायला लावणाऱ्या कार्यक्रमांनी या विषयाची फार नासाडी केली आहे, त्याचा मला राग आहे.

मी संमोहनतज्ज्ञ नाही. पण सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलेली बाई पूर्ण जागी असते. पडद्यापलीकडे पोट उघडलेलं असतं आणि अलीकडे तिचं डोकं माझ्या हाताशी. दात वाजत असतात. तिला मी "घाबरू नका" म्हणत नाही, कारण त्यात भीती आधीच आली. मी तिचं माहेर विचारते, तिथली विहीर, घरची म्हैस किती दूध देते. "आता पोटात ओढल्यासारखं होईल, बाळ येतंय," एवढंच सांगते. खांदे हळूहळू सैल होतात. मॉनिटरवर नाडी उतरताना दिसते, एकशेतीसवरून शंभरच्या खाली, आणि शामक औषधाची सिरिंज तशीच ट्रेमध्ये असते.

बोलण्याच्या या परिणामावर फार जुना अभ्यास आहे. ज्या रुग्णालयात मॉर्टनने लोकांसमोर इथर दिलं, त्याच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमधल्या लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन बोलून गेलेले पेशंट, पेंटोबार्बिटाल हे शामक औषध दिलेल्या पेशंटपेक्षा ऑपरेशनच्या वेळी शांत होते. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की वेदना कशी असेल, ती आली तर काय करायचं हे नीट समजावलेल्या पेशंटना नंतर मॉर्फिनसारखी औषधं निम्मी पुरली आणि ते लवकर घरी गेले. म्हणजे ज्या दहा मिनिटांसाठी मी भांडते आहे, ती सत्य काढून घेण्यासाठी आहेतच, शिवाय ती स्वतःच एक उपचार आहेत. आणि ती आपल्याकडे कशी जातात? कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरवर, डझनभर माणसांच्या घोळक्यात, कधी कधी ऑपरेशन थिएटरच्या दारातच. दवाखान्याच्या मालकांना मी सांगते की एक बंद दाराची खोली द्या. ती असूनही बहुतेक ठिकाणी तिच्यात सलाईनची खोकी भरलेली असतात.

नातेवाईकांवर माझा राग नाही. दहा मिनिटांनंतर मला ते हवेच असतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबा रात्री भलतंच बोलू लागतात, गेलेल्या भावाला हाका मारतात, सुनेला ओळखत नाहीत. यातही दरवेळी दारू किंवा गोळी नसते. वय, दुखणं, जंतुसंसर्ग, अनोळखी खोली आणि रात्रभर न मिळालेली झोप एवढं पुरतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये दाखवलं की दवाखान्यात भरती असलेल्या वृद्धांची झोप सांभाळली, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवलं, वेळ-वार-ठिकाण सांगत राहिलं, लवकर उठवून चालवलं, तर असा भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याकडे काय करतात? हरवेल म्हणून चष्मा घरी पाठवतात. कवळी रुमालात. रात्री दोनला वॉर्डातली ट्यूबलाइट लावून सगळ्यांचा बीपी घेतात. आजोबांच्या उशाशी घरचं एक माणूस बसू द्या, त्याने हात धरून "आबा, आपण दवाखान्यात आहे, आज बुधवार, ऑपरेशन चांगलं झालं," एवढं सांगत राहावं. आणि रात्रीचा दिवा बंद करा.

पेशंटला स्वतःला बोलता येत नसेल, अपघातात आणला असेल, तर मात्र खरं सांगायची जबाबदारी घरच्यांवर येते. तेव्हा अब्रूचा विचार करू नका. पोलिसात द्यायला आम्ही विचारत नाही, औषधाचं माप ठरवायला विचारतो.

ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांना काही सांगायचं आहे. दारू, ताडी, गांजा, भांग, तंबाखू, मिश्री, गुटखा, झोपेची किंवा "टेन्शनची" गोळी, यातलं जे घेता ते भूलतज्ज्ञाला मापासकट सांगा, शेवटचं कधी घेतलं तेही सांगा. गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा, रिकामीसुद्धा. मोठ्याने घोरत असाल आणि झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर तेही सांगा, त्यावरून भुलीचा बेत बदलतो. ऑपरेशन आहे म्हणून रोजची दारू किंवा रोजची झोपेची गोळी घरच्याघरी एकदम तोडू नका, आधी आम्हाला विचारा. आणि तुमच्याभोवती गर्दी असेल तर "मला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय" असं स्वतः म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

कोणी विचारायला आलंच नाही, तर ऑपरेशनला होकार देण्याआधी भूल देणारे डॉक्टर कोण आहेत आणि ते कधी भेटतील, हे तुम्ही विचारा.